मांडवाचं भोक

आमच्या कुळात लग्नाच्या मांडवाला भोक ठेवण्याचा रिवाज आहे, आणि तो मी सुरू केला.

अक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं लग्न. युद्धामुळे बत्तीला घासलेट मिळेना, म्हणून मुहूर्त वैशाखातल्या भर दुपारचा. नानांनी (आमचे वडील) दारात मेढ रोवली आणि मला एकच काम सांगितलं : मांडवाच्या आड येणारी सालईची वाळकी फांदी तोड. कुऱ्हाड घेऊन गेलो, तर फांदीवर तुरेवाली पाकोळी बसलेली. म्हटलं, उडाली की तोडू. ती तीन दिवस उडाली नाही.

"फांदी तुटनी का?" नाना विचारायचे.

"पाखरू बठेल शे."

"ते बी बठेल शे, तू बी बठेल शे. जवाई काय उभा राही?"

आदल्या दिवशी वर चढलो. पाकोळी उडाली. तिच्याखाली, फांदीच्या कडेला चिकटवलेली, सुपारी मावेल एवढी वाटी आणि त्यात एकच अंडं. शहाण्यानं गुपचूप उतरावं. मी झाडावरून ओरडलो, "अंडं शे!"

खाली फुई, नानांची बहीण, हळद दळत होती. जातं थांबलं. "पोरना मांडवमा अंडं फोडशी? फांदीले हात लावू नको."

रोवलेली मेढ हलवता येत नाही. मग फांदीभोवती भोक सोडून मांडव पाल्यानं छावला. ते भोक नेमकं नवरदेवाच्या पाटावर आलं.

दोंडाईच्याची वरात आली. पाटावरचं रखरखीत ऊन पाहून व्याह्यांनी नवरदेवाचा हात धरला.

"मांडवले भोक काबर? पोऱ्या लगीनले आणेल शे का वाळाले?"

अक्का आत बाशिंग बांधून बसलेली, बाहेर दोन-तीन वऱ्हाडी जोडे शोधू लागलेले. सगळे माझ्याकडे बघत होते (नाना जरा जास्तच). मी हात जोडले.

"आमना कुळाचार शे, आबा. सूर्यनारायणले जोडा दिसाले पाहिजे."

व्याह्यांनी भोकातून वर पाहिलं. मग त्यांनी सूर्याला नमस्कार केला आणि नवरदेवाला उन्हात बसवलं. लग्न लागलं. अंड्यावर परत येऊन बसलेली पाकोळी तेव्हाही उठली नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, त्याच व्याह्यांच्या पुतणीशी. त्यांच्या मांडवात शिरलो आणि वर पाहिलं. माझ्या पाटावर खाटेएवढं भोक. झाड नाही, पाखरू नाही, आभाळात ढगही नाही.

"तुमना कुळाचार आम्ही इसरनूत नही," व्याही म्हणाले.

मी आशेनं नानांकडे पाहिलं. नाना डोळे मिटून सूर्याला नमस्कार करत होते.

बायको आजही सांगते, अंतरपाट दूर झाला तेव्हा दिसलेला नवरा मुळातच काळा आहे की भाजलाय, हे तिला पावसाळ्यापर्यंत कळलं नव्हतं.