तुमाला कुनी नेमलं?

औंधजवळच्या एका वाडीत मी एकदा चुकीचं भाषांतर केलं होतं… तेही मुद्दाम!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा साताऱ्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. वाडीच्या पाणीयोजनेला एक आंतरराष्ट्रीय संस्था मदत करणार होती. तिच्या परदेशी अधिकारी मॅडम ग्रामसभेला येणार, म्हणून दुभाषी म्हणून मला नेलं.

देवळासमोर नकाशा पसरला. विहीर ओढ्याकाठी खणायची, असं आधीच ठरलं होतं. मॅडम समजावत होत्या… आमच्याकडे तज्ज्ञ आहेत, कितीतरी देशांत आम्ही कामं केलीत, तुमचं सरकारही आमचं सभासद आहे. मी भराभर मराठीत सांगत होते.

तेवढ्यात रखमाआक्का उठल्या. वय सत्तरीचं, मुलगा मिलिटरीत, पाणी अजून स्वतःच भरायच्या.

"आवं, ते समदं खरं. पर आमची हीर कुटं खणायची, ते ठरवायला तुमाला कुनी नेमलं?"

सभा खळखळून हसली. पाहुण्यांना असं कसं सांगायचं? मी इंग्रजीत म्हटलं, "आजी तुमचे आभार मानताहेत."

मॅडमनी हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आभार मानले म्हणून एवढं कुणी हसत नाही. त्या नक्की काय म्हणाल्या?"

सांगावंच लागलं.

आता पुन्हा तज्ज्ञ आणि सरकार निघणार, असं मला वाटलं… पण मॅडमनी नकाशा गुंडाळला. म्हणाल्या, "या गावानं तर आम्हाला नेमलेलं नाही. त्यांना विचारा, विहीर कुठे हवी?"

"वड्याचं पानी चैतात आटतंय. चला, दावते."

भर उन्हात आक्का पुढे, मॅडम मागे, त्यांच्या मागे धापा टाकत मी… आक्कांनी टेकडीच्या पायथ्याची जागा दाखवली. मॅडमनी तिथली तपासणी करून घेतली, आणि काही महिन्यांनी विहीर तिथेच खणली गेली.

पुढच्या उन्हाळ्यात नळ सुरू झाले, तेव्हा मुद्दाम बघायला गेले. आक्का नळाजवळच उभ्या होत्या. माझ्या ओंजळीत पाणी ओतत म्हणाल्या, "पोरी, त्या मॅडमला कळीव… पानी लय ग्वाड हाय."

त्याच आठवड्यात मी पत्र टाकलं. मोठ्या संस्थांचा अधिकार कुठून येतो, यावर पुढे बरंच वाचलं… पण विचारणारी आक्का आणि ऐकून घेणारी मॅडम, दोघी एकाच दिवशी बघायला मिळाल्या, हे माझं भाग्य.