वरच्या टोकाची माती

दिवाळी उलटली की आमची काकू उतारावरच्या शेतात खालच्या बांधाशी साठलेली माती घमेल्यात भरते आणि डोक्यावरून वरच्या टोकाला नेऊन टाकते. पावसाने खाली आणलेली माती ती महिनाभर अशी वर नेत असते. यंदा मीही चार घमेली वाहिली. वरच्या टोकाला आता नांगर खडकावर घासतो. त्या खडकाची माती व्हायला किती पिढ्या गेल्या असतील, आणि ती वाहून जायला एक पावसाळा पुरतो.

"आणि बांध ओलांडून गेली ती माती?" मी विचारलं.

"ती नदीनं नेली. खाली कुणाच्या मळ्यात बसली असेल. पिकू दे त्यांचं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त अस्वस्थ वाटलं. काकूने सत्तरी ओलांडली आहे. तिच्यामागे माती वर नेणारं कुणी नाही. मी तर शहरात राहतो.

निघताना तिने तांब्याभर पाण्याने पाय वरच्या टोकालाच धुतले. पायांची मातीही तिथेच राहावी म्हणून.

शहरातल्या घरी आल्यावर मी सवयीने बूट नळाखाली धरले. तांबडं पाणी मोरीत जाऊ लागलं. काकूचे पाय आठवून मी नळ बंद केला, तेव्हा पाणी स्वच्छ झालं होतं.