पाय गेलेली खुर्ची

शब्दकोशाची बांधणी सुटली म्हणून तो पेठेतल्या बाइंडरकडे नेला. हा माझाच जुना विद्यार्थी. त्याने पुठ्ठा सोलला, तर आत खळीने चिकटवलेलं जुनं वर्तमानपत्र निघालं आणि त्यात एक व्यंगचित्र. गोरा साहेब चहाचा कप घेऊन ऐटीत बसला आहे. त्याच्या खुर्चीचे चारही पाय मात्र चार देशांच्या टोप्या घालून चार दिशांना चालू लागले आहेत. साहेब तसाच अधांतरी.

बाइंडर निरखून म्हणाला, "सर, हा अजून पडला कसा नाही?"

चित्रकाराची खरी ताकद तिथंच आहे. पडलेल्या साहेबाची एखाद्याला कीव आली असती, म्हणून यानं त्याला पडूच दिलं नाही. साम्राज्य गेल्याची बातमी साऱ्या जगाला कळली आहे, फक्त बसणाऱ्याला कळायची आहे, नेमका तो क्षण यानं पकडला. जाणाऱ्या पायांनी आरडाओरडा काही कमी केला नसेल, पण साहेबाचं लक्ष कपात होतं.

"यावर नवा कागद लावतो," बाइंडर म्हणाला.

"लावू नकोस, हे दिसलं पाहिजे. आणि कडा सरळ काप, मागच्या वेळी वाकड्या होत्या." मी वर्गात बोलावं तसं बोललो. मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून मला सहा वर्षं झाली आहेत.

तो गालातल्या गालात हसला आणि स्टूल पुढे सरकवत म्हणाला, "बसा ना, सर."

मी आधी स्टूल हाताने चाचपलं, मग बसलो.