वळलं का?

स्वारगेटला दापोलीच्या गाडीची वाट पाहताना एक गृहस्थ सपत्नीक माझ्या शेजारी बसले होते. हवामान हा त्यांचा छंद. मोबाइलवरील उपग्रहचित्रात अरबी समुद्रातले चक्रीवादळ कोकणाकडे सरकत होते आणि ते बोटाने त्याचा मार्ग हवेत गिरवत होते.

"आजवर प्रत्येक वादळ किनाऱ्याला यावं, असंच वाटे," ते मला म्हणाले. "पण उद्या दापोलीत मुलीचं लग्न आहे हो!"

वादळ पश्चिमेला वळले, तरच गाडी सुटणार होती. इतक्यात त्यांच्या हवामानवेड्या मित्राचा फोन आला.

"वळलं का?" त्यांनी अधीरतेने विचारले.

डुलक्या घेणाऱ्या पत्नीने मांडीवरचा डबा घट्ट धरला. "कालच वळले. रुखवताचे लाडू आहेत ते, हात लावू नका!"

फोनमधून आरोळी आली, "वळलं! ओमानकडे निघालं!"

सारा फलाट हसला. 'वळणे' या क्रियापदाचे दोन अर्थ मी वर्गात अनेकदा शिकवले. ते एकाच क्षणी खरे ठरलेले प्रथमच ऐकले.

गाडीत बसताच गृहस्थांनी पुन्हा मोबाइल काढला.

"आता काय?" पत्नीने विचारले.

"बंगालच्या उपसागरात काही शिजतंय का, तेवढं पाहतो."

"पाहा. तिकडे आपल्या कुणाचं लग्न नाही."