आमच्या इवाईंचा इमारतींवरचा राग

आमचे इवाई ज्या इमारतीवर रागावले नाहीत, अशी इमारत नागपुरात अजून बांधायची आहे. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. मे महिन्यात सगळं शहर सूर्याला शिव्या देत असतं, पण इवाई सूर्याची बाजू घेतात. तो बिचारा रोज वेळेवर येतो, वेळेवर जातो, सरकारी नोकरीत असता तर बढती मिळाली असती, असं त्यांचं म्हणणं. दोष त्याच्यासमोर काचेची भिंत उभी करणाऱ्याचा. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म घालवलेला हा सहा फुटी, पांढऱ्या मिशांचा माणूस निवृत्त झाल्यावर देवाधर्माला लागेल अशी घरच्यांची आशा होती. तो भिंतींना लागला. कुणाच्याही घरी गेले की पाणी नाही, खुर्ची नाही, आधी पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून, वैद्यानं नाडी पाहावी तसे उभे राहतात. आमची मुलगी पाहायला आले तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि होणारे सासरे जागेवर नाहीत. शोधाशोध केल्यावर सापडले गच्चीवर. खाली येऊन म्हणाले, "पोरगी आम्हाले पसंत आहे जी. पण तुमच्या गच्चीचा उतार उलटा आहे." आमच्याकडे लग्न ठरल्याची बातमी या वाक्यानं आली.

एका बँकेची नवी शाखा उघडली, तिचा दर्शनी भाग वरपासून खालपर्यंत काचेचा. दुपारी तीन वाजता इवाई मला घेऊन पेन्शनच्या कामाला आत गेले आणि काउंटरसमोर छत्री उघडून उभे राहिले. मॅनेजर धावत आले. इवाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही पश्चिमेले काच लावली. ऊन आलं म्हणून पडदा लावला. पडद्यानं अंधार झाला म्हणून दिवसा लाइट लावले. लाइटनं अन् काचेनं गरम झालं म्हणून एसी लावला. मंग काच काहून लावली?" मॅनेजरांनी रुमालानं कपाळ पुसलं. ते म्हणाले, "काकाजी, छत्री बंद करा." इवाईंनी काम होईपर्यंत बंद केली नाही. रांगेतल्या दोन बायका हळूच त्यांच्या सावलीत सरकल्या, हे मी स्वतः पाहिलं.

अशा माणसाला न विचारता मी हुडकेश्वरला फ्लॅट घेतला, ही माझी चूक. माहितीपत्रकाच्या प्रत्येक पानावर हिरवं पान छापलेलं होतं. इमारत पर्यावरणपूरक, विजेची बचत करणारी, उन्हाळ्यातही थंड. चहावाल्याकडून साखर कमी आहे का हे तीनदा विचारून घेणारा मी, घर मात्र एका पानाच्या चित्रावर घेतलं. वास्तुपूजेला इवाई आले. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि हे भिंतीला हात लावून उभे. नंतर जेवण अर्ध्यावर टाकून निघूनही गेले. बायको म्हणाली, "काही चुकलं का जी माझं जेवणात?" मी म्हणालो, जेवणात नाही.

नंतर मेचा महिना लागला. आमच्या वर, शेवटच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहून त्यांनी हे पहिलं स्वतःचं घर घेतलेलं. डोक्यावर नुसता उघडा स्लॅब, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा नाही. दुपारभर त्या ओली चादर अंगावर घेऊन बाथरूमच्या फरशीवर बसून असत, हे आम्हाला एका दुपारी त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळलं. त्यांना दवाखान्यात पोचवून मी इवाईंना फोन केला. अर्ध्या तासात स्कूटरवरून आले. वर जाऊन पाच मिनिटांत खाली उतरले. चेहरा असा लाल, की मला त्यांचीच काळजी वाटली.

"इवाई," ते मला म्हणाले, "हे घर नाही जी. हा तवा आहे. अन् त्यावर माणूस ठेवला."

त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून मंजूर नकाशा काढला. तो जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. कागदावर आमची इमारत फारच सुंदर होती! गच्चीवर उष्णता अडवणारा जाड थर होता, खिडक्यांवर छज्जे होते, पाणी तापवायला सोलर, पावसाचं पाणी जमिनीत जिरवायला खड्डा. आणि या सगळ्याच्या बदल्यात नियमाप्रमाणे बिल्डरला एक मजला जास्तीचा मंजूर झाला होता. तो जास्तीचा मजला म्हणजेच बाईंचा मजला. ज्या कबुलीवर तो उभा राहिला, त्यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

"नियम करणाऱ्यानं डोकं लावून नियम केला जी," इवाई टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "अन् यानं त्याची शिडी करून वरचा मजला चढवला!"

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा सुपरवायझर आला. इवाई त्याला घेऊन खाली, पाणी जिरवण्याच्या पाइपाजवळ गेले. पाइप गच्चीवरून ऐटीत उतरून जमिनीत शिरत होता. इवाईंनी तो दोन्ही हातांनी धरून ओढला. त्याचा खालचा तुकडा गाजर उपटावं तसा सहज हातात आला. हातभर मातीत नुसता खोचलेला. खाली ना खड्डा, ना खडी.

"हे काय होय गा?"

"काकाजी, आपल्याकडं ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट आहे ना."

"मंग उन्हाळ्यात बाईच्या डोक्यावर सर्टिफिकेट पसरून देतो का?"

पुढचे पंधरा दिवस इवाई, हातात तो पाइप घेऊन, कार्यालयांच्या फेऱ्या मारत राहिले. एका टेबलानं सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, इमारत कागदोपत्री हरित आहे, तेव्हा तक्रारच उद्भवत नाही. तिसऱ्या टेबलाचा साहेब रजेवर होता आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर एसी चालू होता. तिथे इवाई जे बोलले ते मला लिहिता येणार नाही. शेवटी त्यांनी अर्जात एकच मागणी केली: पाहणीला या, पण दुपारी तीन वाजता या, आणि वरच्या मजल्यावर बसून चहा घ्या.

जूनच्या कोरड्या उन्हात एक तरुण इंजिनिअर बाई खरंच आल्या. इवाईंनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. "बस बेटा," एवढंच म्हणाले. शिक्षिकाबाईंनी चहा ठेवला. पंखा वरची गरम हवा खाली ढकलत होता. दहा मिनिटांत त्या मुलीची ओढणी भिजली. ती उठून गच्चीवर गेली, नकाशाशी एकेक गोष्ट ताडून पाहिली, खाली आली आणि विचारलं, "आजी, तुम्ही इथे दिवसभर असता?" बाई म्हणाल्या, "जाऊ कुठं?" त्या मुलीनं अहवाल तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून लिहिला आणि जे होतं तेच लिहिलं.

बिल्डरला नोटीस गेली. बरीच ओढाताण झाली, पण हिवाळ्यात गच्चीवर थर पडला, त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसले, खिडक्यांवर छज्जे आले, खड्डाही झाला. रोज इवाई स्टूल टाकून गवंड्यांच्या डोक्यावर बसलेले. सोलर मात्र अजून आलेलं नाही. आणि बिल्डरनं पुढच्या स्कीमच्या माहितीपत्रकावर आमच्याच गच्चीचा फोटो छापला. तो पाहून इवाई दोन दिवस जेवले नाहीत.

यंदाच्या मेमध्ये एका दुपारी ते आले आणि आम्ही दोघं बाईंची चौकशी करायला वर गेलो. बेल वाजवली. कुणी आलं नाही. परत वाजवली. आत काही हालचाल नाही. मागच्या वर्षीची ती दुपार आठवून मी बेलचं बटण दाबूनच धरलं. इवाई दारावर थापा मारू लागले. तेवढ्यात दार उघडलं. बाई केस सावरत उभ्या. "माफ करा भाऊ," त्या ओशाळून म्हणाल्या, "डोळा लागला होता."

"काही नाही, काही नाही, सहज आलो होतो," म्हणत इवाई मागे फिरले. अर्धा जिना उतरून एका पायरीवर बसले. मला वाटलं, दम लागला. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "नोकरीत होतो तवा चपराशांचे क्वार्टर बांधले होते आम्ही. छपराखाली एक थर होता नकाशात. वरून सांगितलं, काढून टाका. मी काढला. सही माझीच आहे. पहिल्याच उन्हाळ्यात एका चपराशाची म्हातारी माय गेली." पुढे म्हणाले, "तो रोज मले नमस्कार करे जी. एक दिवसही काही बोलला नाही."

या माणसाच्या रागावर मी चारचौघांत किती हसलो होतो. मी त्यांच्या शेजारी त्याच पायरीवर बसलो. वरच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. बाई परत आडव्या झाल्या असाव्यात.

इवाईंनी मिशांवरून हात फिरवला. "बेल वाजवायले नको होती आपण," ते हळू आवाजात म्हणाले, "चांगली झोपून राहिली होती."