लोधिवलीच्या केंद्रातलं हिंदी

लोधिवलीला आमचं मदत केंद्र आहे. बाहेरच्या राज्यांतून, पार नेपाळातून इकडे कामाला आलेल्यांचे अर्ज-तक्रारी आम्ही फुकट बघतो. मी अर्ज लिहिते, वकिली स्नेहाताईंकडे. फायली कपाटात कशाबशा मावतात. किस्से मात्र डबा खाताना बाहेर पडतात आणि ठसका लागतो!

* * *

मोहोपाड्याच्या एका बिहारी वेल्डरला ठेकेदाराने तडकाफडकी काढलं. बिचारा रडवेला झालेला. ताईंना सांगायचं होतं, मी पाठपुरावा करते. त्याच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आप घर जाओ. अब मैं आपका पीछा करूंगी!"

नोकरी त्याला परत मिळाली. पण सही करायला आला तो बायकोला मध्ये उभं करूनच!

* * *

पळसदरीच्या एका बंगल्यावर टेकबहादूर नावाचा नेपाळी वॉचमन आहे. त्याचा ऑनलाइन अर्ज भरायला सायबर कॅफेत गेलो. जन्मठिकाणाची यादी खालीवर करून कॅफेवाला दमला.

"ताई, यात नेपाळ नाय. नागपूर टाकू? 'न'वरूनच हाय!"

टेकबहादूर गंभीरपणे म्हणाला, "डाल दो. गाँव नज़दीक पड़ेगा!"

* * *

झारखंडच्या शांतीचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटेना. विटा उचलून रेषाच गेलेल्या. दुकानदार म्हणाला, "ही ती बाई नव्हेच!"

नवरा म्हणाला, "शादी के बाद से मैं भी यही बोल रहा हूँ!"

त्याच्या पाठीवर मात्र ठसा स्पष्ट उमटला.

* * *

गावातले घरमालक नामदेवकाका परप्रांतीयांना भाड्याने खोली देत नाहीत, असं कानावर आलं. ताईंनी त्यांना अर्धा तास कायदा समजावला. काका मान डोलवत होते.

"मग देताय ना खोली?"

"आता कुठली देऊ? ती ओडिशावाल्यांना कवाच दिली. तुमी एवढं बोलत व्हता, म्हनून ऐकलं गं!"

* * *

दवाखान्यात ओडिया दुभाषी द्या, ही आमची जुनी मागणी. सस्मिताच्या लेकीचा कान ठणकत होता आणि औषध मिळालं पोटाचं! म्हणून ग्रामपंचायतीतल्या बैठकीला आम्ही तिलाही नेलं, नवऱ्यासकट.

"दुभाषी कशाला?" आरोग्य खात्याचे साहेब खुर्चीत पाय हलवत म्हणाले. "माणसाची भाषा डोळ्यांतून कळते."

तेवढ्यात सस्मिता उठली. हात जोडून, अगदी कळवळून ओडियात बोलत सुटली. साहेब भारावले.

"बघा! शब्द न् शब्द पोचला. बोला बाई, मोकळेपणाने बोला!" आणि पाय आणखी जोरात.

तिचा नवरा इथलं मराठी शिकलाय. तो चाचरत म्हणाला, "साहेब, ती म्हनते, खुर्चीखाली गांधीलमाश्यांचं पोळं हाय. पाय नका हलवू."

"दुभाषी मंजूर!"

हा आवाज फाटकाच्या बाहेरून आला.