वाढत्या अंगाची सायकल

मंगळवार पेठेत मीरासाबच्या टेलरिंग दुकानासमोर माझी पिठाची गिरणी. आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघतच म्हातारे झालो. मीरासाब शाळेचे गणवेश शिवतो आणि जूनमध्ये येणारी प्रत्येक आई त्याला एकच सांगते, "वाढत्या अंगाचं शिवा." सांगायची गरज नसते. तो पँटच्या पायात चार बोटं कापड जादा दुमडून ठेवतो आणि पोरगं वाढलं की उसवून खाली सोडतो. याच सवयीवर त्याचा संसार उभा राहिला, आणि याच सवयीनं त्याच्या लेकीचं वाटोळं केलं. असं बोलू नये, पण मला गोड बोलता येत नाही.

मेहक तेव्हा चौदा वर्षांची होती. कुणाच्या तरी जुनाट सायकलवर तिनं जिल्ह्याचं मैदान मारलं. पुढच्या वर्षी राज्याच्या संघाची निवड होती. पोरीला त्या निवडीशिवाय काही दिसेना. झोपेतसुद्धा तिचे पाय चालतात, असं तिची आई, मेहमुदाभाभी, सांगायची. मीरासाबनं साठवलेलं सगळं बाहेर काढलं आणि शर्यतीची सायकल घ्यायला निघाला. हौसेनं मलाही नेलं.

दुकानदार उदयसिंहनं मेहकला उभी करून उंची, पाय, हात सगळं मापलं. म्हणाला, "हिला ही बारकी फ्रेम बसतीया. मोठी घेऊ नगा. सीट खालीवर करता येती, फ्रेमची लांबी न्हाय कमी हुत."

"वाढत्या अंगाची हाय पोर," मीरासाब म्हणाला. "वर्सात वाढंल की! दरसाल नवी सायकल कुठनं आणू?"

उदयसिंहनं पुन्हा एकदा सांगून बघितलं, मग नाद सोडला. मोठी फ्रेम घरी आली. मेहमुदाभाभी तर गल्लीत सगळ्यात बुटकी, काउंटरमागं बसली की गिऱ्हाइकाला नुसती ओढणी दिसायची. तिची लेक ताडमाड कुठून होणार, हे त्या मापाच्या बादशहाला सुचलं नाही.

मेहक वाढली नाही. सीट पार खाली घातली, हँडल मागं घेतलं, तरी ती त्या सायकलवर ताणून वाळत घातल्यासारखीच दिसायची. सरावाला लांब मुरगूड गावापर्यंत जाऊन आली की मान वळायची नाही, बोटं बधिर व्हायची. बापानं "कशी हाय सायकल?" विचारलं की म्हणायची, "भारी हाय, अब्बा." मीरासाब दर महिन्याला टेप घेऊन तिला दुकानाच्या चौकटीशी उभी करायचा, आणि दर महिन्याला ती थोडी वाढलेली निघायची. मग तो रस्त्यापलीकडून मला ओरडून सांगायचा, "बघ, सरकली की वर!" त्या दिवशी चहा त्याच्याकडून असायचा.

निवडीच्या शर्यतीत अर्ध्या वाटेवर तिची पाठ धरली. लोकांनी उचलून टेम्पोत घातली. डॉक्टरांनी मणका दुखावल्याचं सांगितलं आणि सायकल कायमची बंद केली. तिला अशी सायकलवरून उतरलेली बघून मी त्या दिवशी गिरणी उघडली नाही.

सायकल अजून दुकानाच्या भिंतीला टांगलेली आहे. गिऱ्हाईक आलं तरी मीरासाब विकत नाही. मेहक एकवीस वर्षांची झाली. मशीनवर वाकून बसवत नाही, म्हणून काजं-बटणं करते.

परवा तिच्या लग्नाचा शरारा शिवायला घ्यायचा होता. मी पीठ द्यायला गेलो, तेव्हा मीरासाबनं टेप काढली होती. मेहक चौकटीशी उभी राहिली आणि सवयीनं तिच्या टाचा वर गेल्या. मीरासाब टेपचं टोक जमिनीला लावून गुडघ्यावर बसला होता. तो तसाच थांबला.

"टाचा टेकव, मेहक," तो म्हणाला. "तवाबी दिसत हुत्या मला."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी पिठाचा डबा धरून उभाच राहिलो.

मेहकनं टाचा खाली टेकल्या. उदयसिंहनं घेतलं होतं तेवढंच माप भरलं.